टोकियो मेट्रोचा दिवसाचा पास: कुठपर्यंत चालतो, कुठे संपतो

टोकियोला जायचं ठरलं की सगळे एकच सल्ला देतात, मेट्रोचा २४ तासांचा पास काढ आणि मनसोक्त फिर. सल्ला चांगलाय, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. टोकियो मेट्रो हे एका कंपनीचं नाव आहे, आणि टोकियोत जमिनीखालून धावणारी प्रत्येक गाडी काही त्या कंपनीची नसते. मग माणूस पास हातात घेऊन बाहेर पडायला जातो, गेट फटकन बंद होतं आणि मागे रांग लागते.

आधी कोण कोण आहे ते बघू. टोकियो मेट्रोच्या ९ लाईन आहेत: गिंझा, मारुनोउची, हिबिया, तोझाई, चियोदा, युराकुचो, हानझोमोन, नामबोकू आणि फुकुतोशिन. दुसरी भूमिगत रेल्वे म्हणजे तोएई, ही तिथल्या महानगर सरकारची, तिच्या ४ लाईन: आसाकुसा, मिता, शिंजुकू आणि ओएदो. तिसरी जेआर म्हणजे जपान रेल्वे, यामानोते लाईनची ती गोल फिरणारी गाडी यांचीच. आणि मग तोक्यू, ओदाक्यू, केइओ, केइसेई, केइक्यू, तोबू, सेइबू अशा खाजगी कंपन्या, प्रत्येकीचं भाडं वेगळं, पास वेगळा. मेट्रोचा २४ तासांचा पास फक्त पहिल्या ९ लाईनवर चालतो. तोएईवर नाही, जेआरवर नाही, तोएईच्या बसमध्ये तर नाहीच नाही.

आपल्याकडे घाटकोपरला लोकलचा पास दाखवून वर्सोव्याच्या मेट्रोत शिरता येत नाही, हेही तसंच. फक्त घाटकोपरला मध्ये गेट आहे आणि गाडी बदलावी लागते, त्यामुळे कंपनी बदलली हे कळतं तरी. टोकियोत बऱ्याच ठिकाणी मध्ये गेट नाही आणि गाडीसुद्धा तीच पुढे जाते, तुम्ही सीटवर बसल्या बसल्या दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर पोचता आणि पत्ताही लागत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. निशी कासाईला भारतीय लोक भरपूर राहतात, मराठी मंडळीही बरीच आहेत, त्यामुळे इकडून जाणाऱ्या पुष्कळांचा मुक्काम तिथे कुणा नातेवाईकाकडे किंवा मित्राकडे असतो. हे स्टेशन तोझाई लाईनवर आहे, म्हणजे मेट्रोचं, पास चालतो. आता पोरांना मिताकाचं घिबली म्युझियम (घिबली स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशन सिनेमांचं) दाखवायचंय, आणि तोझाई लाईनच्या काही गाड्या थेट मिताकापर्यंत जातात, पाटीवर तसं लिहिलेलं असतं. बसलात. पण तोझाई लाईन नाकानोला संपते, तिथून पुढे गाडी जेआरच्या रुळांवर असते. म्हणजे पास निशी कासाई ते नाकानो, आणि नाकानो ते मिताकाचं जेआरचं भाडं वेगळं. यात दंड वगैरे काही नाही हां, घाबरू नका. हद्दीच्या स्टेशनपासून पुढचं भाडं भरायचं, विषय संपला.

भरायचं कसं? बाहेर पडायच्या गेटजवळ जास्तीचं भाडं भरायचं मशीन असतं, त्याला तिकडे सेइसान म्हणतात. त्यात तिकीट टाकायचं, रक्कम दिसते, पैसे भरायचे. मशीनने तिकीट परत ओकलं तर सरळ शेजारच्या खिडकीवर जायचं आणि पास दाखवायचा, बोलायची पण फारशी गरज पडत नाही, त्यांना हे रोजचंच आहे. थोडी कॅश जवळ असू द्या, मशीन कार्ड घेईलच असं धरून चालू नका. आणि एक करायला जाऊ नका: पासवर आत शिरून बाहेर पडताना सुइका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) टॅप करायचं. सुइकावर तुम्ही आत आल्याची नोंदच नसते, त्यामुळे गेट उघडत नाही.

येताना उलटं आहे आणि ते जरा किचकट. मिताकाला सुइका टॅप करून गाडीत बसलात आणि थेट निशी कासाईला उतरलात, तर पूर्ण रस्त्याचं भाडं सुइकातून कापलं जाणार, खिशातला पास गेटला दिसत नाही. म्हणून नाकानोला उतरायचं, सुइकाने बाहेर पडायचं आणि पासवर परत आत यायचं. दोन मिनिटं जातात पण पैसे वाचतात. फारच कंटाळा आला असेल तर सोडून द्या, तेवढ्याने कोणी भिकेला लागत नाही.

अशाच बाकीच्या हद्दी लक्षात ठेवा, म्हणजे ठेवा कसल्या, फोनमध्ये लिहून घ्या. तोझाईचं दुसरं टोक निशी फुनाबाशी. हानझोमोन लाईन एका टोकाला शिबुयाला संपते आणि पुढे तोक्यू लागते, दुसऱ्या टोकाला ओशिआगे आणि पुढे तोबू. चियोदा लाईनची योयोगी उएहाराला संपते, पुढे ओदाक्यू. हिबियाची एकीकडे नाकामेगुरो, दुसरीकडे किता सेंजू. फुकुतोशिनची शिबुया आणि वाकोशी. यातली फुकुतोशिन जास्त फसवी, कारण तिची गाडी न बदलता योकोहामाच्या चायनाटाऊनपर्यंत जाता येतं. शिबुयापर्यंत मेट्रो, शिबुया ते योकोहामा तोक्यू आणि योकोहामाच्या पुढे मिनातोमिराई लाईन म्हणजे आणखी एक कंपनी. एक गाडी, तीन मालक, पास फक्त पहिल्याचा.

हे सगळं पाठ करायचं नसेल तर अक्षरं बघा. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर एक कोड असतो. गोलात एकच मोठं इंग्रजी अक्षर आणि खाली नंबर असेल तर ती बहुतेक भूमिगत रेल्वे, मेट्रो नाहीतर तोएई. दोन अक्षरं दिसली की बहुतेक दुसऱ्याच कोणाची तरी हद्द: जेवाय म्हणजे जेआरची यामानोते, टीवाय म्हणजे तोक्यूची तोयोको, ओएच म्हणजे ओदाक्यू. आता एका अक्षरातली ए, आय, एस आणि ई ही चार तोएईची, ओदाइबाकडच्या युरिकामोमेचं यू आणि रिंकाईचं आर सोडलं तर बाकीची मेट्रोची. म्हणजे चारच अक्षरं लक्षात ठेवायची. मिता लाईनला एम नाही, आय आहे, कारण एम मारुनोउचीने आधीच पटकावलाय. स्टेशनबाहेर चिन्हावरूनही कळतं, मेट्रोचं निळ्यावर पांढरं एम आणि तोएईचं हिरवं गिंको झाडाचं पान.

कुदानशिता स्टेशनवर मात्र जपून. तिथे हानझोमोन (मेट्रो) आणि शिंजुकू लाईन (तोएई) यांचे प्लॅटफॉर्म शेजारी शेजारी आहेत, आणि मध्ये अनेक वर्षं चक्क भिंत होती, कारण दोन कंपन्या. ती २०१३ मध्ये पाडली. प्रवाशांची सोय झाली, पण आता तुम्ही प्लॅटफॉर्म ओलांडून समोरच्या गाडीत बसलात तर मध्ये एकही गेट लागत नाही आणि मेट्रोचा पास घेऊन तुम्ही तोएईत. फुनाबोरीच्या इस्कॉन मंदिरात जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या, फुनाबोरी तोएईच्या शिंजुकू लाईनवर आहे.

याच्या उलट एक जागा आहे जिथे दोन्ही चालतात. मेगुरो, शिरोकानेदाई आणि शिरोकाने ताकानावा ही तीन स्टेशनं नामबोकू आणि मिता दोघांची सामाईक आहेत, त्यामुळे तेवढ्या टप्प्यात मेट्रोचा पास घेऊन मिता लाईनच्या गाडीत बसलात तरी हरकत नाही. ताकानावाच्या पुढे मात्र आपापले रस्ते.

मग पास कुठला घ्यायचा? माझं मत सांगतो, बाहेरून आलेल्या पाहुण्याने फक्त मेट्रोचा पास घ्यायच्या भानगडीत पडू नये. पर्यटकांसाठी टोकियो सबवे तिकीट मिळतं, २४, ४८ किंवा ७२ तासांचं, ते मेट्रो आणि तोएई दोन्हीवर चालतं, म्हणजे अर्धी डोकेदुखी तिथेच गेली. जेआर त्यातही नाही. नुसत्या जेआरसाठी तोकुनाई पास आहे, तो टोकियोच्या २३ वॉर्डांच्या आत चालतो, आणि इथेही हद्दीची गंमत आहेच: मिताकाच्या दिशेला निशी ओगिकुबो शेवटचं, आणि डिस्नेलँडचं माइहामा स्टेशन शेजारच्या चिबा प्रांतात असल्यामुळे बाहेर, त्याच्या आधीचं कासाई रिंकाई कोएन शेवटचं. जेआर, मेट्रो, तोएई तिन्ही एकत्र हवं तर टोकियो फ्री किप्पू आहे, पण दिवसभर गाड्यांमध्येच बसून राहणार असाल तरच परवडतं. ओदाइबाला जाणाऱ्या युरिकामोमे आणि रिंकाई लाईन यातल्या कशातच नाहीत. टीमलॅब प्लॅनेट्स हे डिजिटल कलेचं म्युझियम बघायचं असेल तर युराकुचो लाईनने तोयोसूला उतरून दहाएक मिनिटं चाला, वेगळं तिकीट नको.

वेळेचंही बघून घ्या. मेट्रोचा २४ तासांचा पास पहिल्यांदा गेटमध्ये टाकल्यापासून मोजतात, दुपारी २ ला सुरू केला तर दुसऱ्या दिवशी दुपारी २ पर्यंत. तोएईचा एक दिवसाचा पास मात्र तारखेवर चालतो, संध्याकाळी घेतलात तर उरलेली संध्याकाळच मिळते. किमती इथे देत नाही, जुन्या व्हिडिओंमध्ये मेट्रोचा पास ६०० येनचा दिसेल, ते धरून बजेट करू नका, कंपनीच्या साईटवर आजचा भाव बघा.

राहिलं विमानतळाचं. तोएईच्या आसाकुसा लाईनच्या पाट्यांवर हानेदा आणि नारिता दोन्ही नावं दिसतात आणि वाटतं की पासवर थेट विमानतळ. दोन्ही विमानतळ पासच्या हद्दीबाहेर आहेत. हानेदाकडे सेनगाकुजीपासून केइक्यू, नारिताकडे ओशिआगेपासून केइसेई, पुढचं भाडं वेगळं भरावं लागणार. तेव्हा शेवटच्या दिवशी सगळे येन खर्च करू नका आणि सुइकात थोडे पैसे राहू द्या. सामान घेऊन त्या मशीनपुढे उभं राहण्यापेक्षा त्या दिवशी पास खिशातच ठेवून पहिल्यापासून सुइकावर गेलेलं बरं.