कुटुंबाचा आरोग्य विमा घेताना

आधी रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान योजनेत आपण बसतो का, ते पाहा. दोन्हींत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या दवाखान्यांतच. खाजगी पॉलिसी त्यावरची भर.

नवरा-बायको आणि लेकरांसाठी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी, परवडतो. सासू-सासऱ्यांना मात्र त्यात घालू नका. हप्ता घरातल्या सर्वांत वयस्क माणसावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी काढा.

खरी गोम दवाखान्यातल्या खोलीभाड्यात आहे. 5 लाखांच्या पॉलिसीत दिवसाला 1 टक्का, म्हणजे 5000 ची मर्यादा असली आणि नागपुरात 8000 ची खोली घेतली, तर फक्त वरचे 3000 जात नाहीत. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरेंचे बिलही त्याच प्रमाणात कापतात: 1,60,000 चे 1,00,000 होतात. म्हणून मर्यादा नसलेली पॉलिसी पाहा, हप्ता थोडा जास्त गेला तरी चालेल.

बाळंतपणाला बहुतेक पॉलिसींत मोठी प्रतीक्षा असते, म्हणजे तेवढा काळ गेल्याशिवाय खर्च मिळत नाही, तेव्हा दिवस राहिल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बाळ पहिल्या दिवसापासून धरतात की 91व्या, हेही विचारा.

बीपी, शुगर, सिकलसेल लपवू नका. जुन्या आजाराला प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिने. लपवलेलं सापडलं तर दावाच बुडतो. फॉर्म एजंटवर सोडू नका, तो ‘नाही’वर खुणा करत सुटतो.

कॅशलेसच्या, म्हणजे कंपनी परस्पर बिल भरते त्या दवाखान्यांच्या, यादीत यवतमाळ, वर्धा, नागपूरचे दवाखाने शोधा आणि तिथं फोन करून खात्री करा. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत परत करता येते.