पुष्याचा म्हातारा तारा कसा ओळखायचा

येळ्ळूरच्या आमच्या आत्तीला पाऊस नावानं ठाऊक. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा. गेल्या लावणीला तिनं विचारलं, "रोज पुष्य पुष्य म्हणतोय, तो वर दिसतोय तरी कुठं रे?"

पावसाळ्यात दिसतच नाही. २० जुलैच्या आसपास पुष्य लागतो म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात शिरतो, मग तारा दिवसा उगवून दिवसाच मावळतो. त्याला बघायचं ते पाडव्याच्या आधीच्या अमावस्येला. मार्चअखेरीस रात्री नऊला तो आपल्याकडं जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा स्लॅबवर चटई टाकून आडवं व्हायचं. उभ्यानं बघाल तर मान धरेल. वडगावात माझ्या गल्लीतून दिव्यांमुळं काही दिसत नाही, म्हणून मी येळ्ळूर गाठतो.

आधी पुनर्वसूचे दोन ठळक तारे धरा, मग पूर्वेकडं मघा. दोघांच्या साधारण मध्ये जो रिकामा पट्टा वाटतो, तीच कर्क रास. तिथं धुरकट ठिपका दिसेल, मागावरचा कापसाचा तंतू उडून बसावा तसा. तो मधुचक्र तारकागुच्छ. त्याच्या उत्तरेला एक तारा, दक्षिणेला एक. दक्षिणेचा जरा ठळक, रंगानं नारिंगी, तोच पुष्याचा योगतारा, म्हणजे नक्षत्राचा मुख्य तारा, डेल्टा कॅन्क्री. पहिल्या वर्षी मी पाय उत्तरेला करून झोपलो, दिशा डोक्यात उलट्या झाल्या आणि तासभर भलत्याच ताऱ्यात नारिंगी शोधत बसलो.

रंगासाठी दुर्बीण हवीच, १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) पुरे. अंधारात नुसत्या डोळ्याला मंद ताऱ्याचा रंग कळत नाही. दोन्ही तारे एकदम चौकटीत घ्या आणि फोकस किंचित बिघडवा. टिंबांच्या टिकल्या होतात नि रंग पसरतो. आम्ही विणकर सुताची छटा जुळवताना दोन कोन, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या रिळी, शेजारी ठेवतो. एकटा कोन फसवतो, ताऱ्याचंही तसंच. उत्तरेचा धुतलेल्या सुतासारखा पांढरा, दक्षिणेचा हळदीच्या पाण्यातून एकदाच काढल्यासारखा. भगवा शोधाल तर निराश व्हाल.

हा रंग वयाचा. गाभ्यातलं हायड्रोजन संपलं की तारा फुगतो, पृष्ठभाग निवतो. सूर्याचं पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन, ह्याचं ४,६०० च्या घरात. पण व्यास सूर्याच्या ११ पट, म्हणून उजेड ५० पटीच्या आसपास. अंतर सुमारे १३० प्रकाशवर्षे. मधुचक्र त्याच्या कितीतरी मागं, ६०० प्रकाशवर्षांच्या जवळपास, तेव्हा शेजार नुसता दिसण्यापुरता.

डोळा तयार करायला आधी पुनर्वसूतल्या दोघांपैकी जास्त ठळक तारा, पोलक्स, बघून घ्या. तो याच जातीचा नारिंगी राक्षसी (असाच फुगलेला) तारा, फक्त ३४ प्रकाशवर्षांवर. डेल्टा कॅन्क्री चौपट लांब, म्हणून इतका मंद. सूर्याची वाट त्याला जवळजवळ चिकटूनच जाते आणि चंद्रही कधीकधी त्याला झाकून टाकतो.

आत्तीला हे सगळं सांगून दुर्बीण दिली. तिनं बराच वेळ बघितलं.

"म्हातारा पिवळा, आणि पांढऱ्या केसाचा तो तरणा व्हय?"

तापलेला तारा पांढरा दिसतोय आत्ती, म्हटलं. तिनं ऐकलं का कोण जाणे, दुर्बीण काही अर्धा तास परत दिली नाही.