रीलसाठी गाणं कापू नका, बांधा

पुण्यात गाणं शिकायला आलेली मुलं गुरूंकडे नीट रुळायच्या आतच विचारतात, 'रील कधीपासून टाकू?' मी शास्त्रीय संगीतातला ख्याल गाते, शिकवते, आणि माझे बरेचसे कार्यक्रम आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळेच येतात. त्यामुळे 'त्या नादाला लागू नका' असं मी कुठल्या तोंडानं सांगणार?

दिवाळी पहाट असो, कोजागरी असो, नाहीतर कुणाच्या घरची बैठक असो, पूर्वी संयोजक गुरूंना फोन करायचे. आता 'लिंक पाठवा' असा व्हॉट्सॲपवर निरोप येतो. काही जण फॉलोअर किती तेही विचारतात. तिकीट लावलेल्या कार्यक्रमासाठी विचारलं तर मला त्यात गैर वाटत नाही. मानधनाचं नाव न काढता विचारतात, तेव्हा राग येतो.

खरी गोम आहे ती त्या लिंकमध्ये काय असतं यात. तासाभराच्या मैफलीतून टाळ्या पडलेलं अर्धं मिनिट उचलायचं, म्हणजे बहुतेक वेळा द्रुतातली (जलद लयीतली) तान आणि तिहाईची (तीनदा घेतलेल्या तुकड्याची) सम. ते चालतं. मग पुढचा महिनाभर रियाजातही तीच तान घोटली जाते. शिकवताना मला हे रोज दिसतं: विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू केला की मुलं चुळबुळतात, मंद्रात (खालच्या सुरांत) थांबायचं सोडून तारषड्जाकडे (वरच्या सा कडे) धाव घेतात. आणि त्या अर्ध्या मिनिटावर बोलावणं आलंच, तर संयोजकाला तासभर तेच हवं असतं.

थोडक्यात गाणं हा काही आजचा शोध नव्हे. १९०२ मध्ये गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या, तेव्हापासून कित्येक वर्षं ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर घरोघरी पोचले ते याच तबकड्यांवरून. त्या ऐका. मोठ्या मैफलीतून तोडून आणलेला तुकडा तिथे सापडत नाही. तीन मिनिटांतही रागाचा चेहरा उभा राहतो, कारण ते गाणं तेवढ्याच वेळासाठी बांधलेलं आहे. आता यूट्यूब शॉर्ट्सना ऑक्टोबर २०२४ पासून आणि इन्स्टाग्रामच्या रीलला जानेवारी २०२५ पासून तीन मिनिटांची मुभा आहे. म्हणजे तबकडी परत आली म्हणायची!

तेव्हा कापू नका, बांधा. मध्यलयीतला, सोळा मात्रांचा तीनताल घ्या. मात्रेला अर्धा सेकंद धरला तर तालाचं एक आवर्तन आठ सेकंदांचं होतं. औचाराला (सुरुवातीच्या छोट्या आलापाला) वीस सेकंद दिले की तीन मिनिटांतली वीस आवर्तनं हातात उरतात. त्यात बंदिशीची स्थायी (पहिला भाग), दोन-तीन छोटे आलाप, अंतरा (दुसरा भाग), मोजक्या ताना आणि तिहाई असं सगळं बसतं. वीस आवर्तनांत काय गाळायचं हे ठरवताना बंदिशीची जेवढी समज येते, तेवढी नुसती तान घोटून येत नाही.

ध्वनिमुद्रण घरीच करा, पण फोनमधली गोंगाट कमी करण्याची सोय आधी बंद करा. ती चालू असली की एकसारखा वाजणारा तानपुरा तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तोच दाबून टाकते. मागे सूरच नाही असा व्हिडिओ पाठवणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहिलेत. पंखा हातानं बंद करा, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आटोपू द्या.

शिवाय चाळीस मिनिटांचं, न कापलेलं एक तरी गाणं यूट्यूबवर असू द्या. पाहणारे कमी असतात, पण जाणता संयोजक तेच उघडतो. जाहिरातींच्या पैशावर मात्र भरवसा ठेवू नका. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. ख्याल गाऊन तिथवर पोचलात तरी त्यातून खोलीचं भाडं निघेलच असं नाही.

यूट्यूबवर पारंपरिक बंदिशीवरही एखाद्या कंपनीचा कॉपीराइटचा दावा येतो. यंत्र सुरावटी जुळवतं, राग सगळ्यांचा असतो हे त्याला कुठून कळणार? माझ्या भूपाली रागाच्या व्हिडिओवर असा दावा आला होता. बंदिश पारंपरिक आहे आणि गायन माझं स्वतःचं आहे, असं लिहून हरकत घेतली आणि तो सुटला. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, तोवर थांबायचं. दाव्यानं चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइकचं, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून टाकला जाण्याचं प्रकरण वेगळं, ९० दिवसांत तीन आले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

कमेंटचं काय करायचं? बाईमाणूस गात असेल तर साडीवर लिहिणारे सुरावर लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि बाकीचे तुमची तुलना थेट घराण्याच्या बुजुर्गांशी करणार. नको ते शब्द लपवण्याची सोय इन्स्टाग्रामवर आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. कार्यक्रमाच्या दिवशी मी कमेंट उघडतच नाही. सुराची चूक दाखवणारा एखादा असतो, त्याचं मात्र दोनदा वाचते.

आवाजाची चोरी ही नवी काळजी आहे. अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं केली जाणारी नक्कल थांबवायला मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिला. आपल्यासारख्यांची अडचण याहून साधी असते: संयोजक पूर्ण मैफल परस्पर टाकून देतात, साथीदारांची नावंही न लिहिता. प्रयोगाचं मुद्रण आणि प्रसारण यांवर कलाकाराचा हक्क आहे, तो कॉपीराइट कायद्यातच दिलेला आहे. गुरूंनी बांधलेली बंदिश आणि तालमीचं मुद्रण मात्र त्यांना विचारल्याशिवाय तुम्हीही टाकायचं नाही. पुण्यात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत गुरूंच्या कानावर जाते.

मी मानधन ठरतानाच लिहून पाठवते: 'मुद्रण करायला हरकत नाही. टाकण्याआधी मला दाखवावं. तबला, हार्मोनिअम आणि तानपुऱ्यावरच्या मुलींची नावं व्हिडिओखाली असावीत.' बहुतेक जण हो म्हणतात. काही जण उत्तरच देत नाहीत, त्यांना मी ध्वनिव्यवस्थेच्या चाचणीच्या वेळी समोरासमोर विचारते.