हेडफोनवर पखवाज दमदार, गाडीत पोकळ: माझा अनुभव

पंचवटीतल्या भजनाचं मिक्स (सगळे आवाज जुळवून केलेलं एकत्र रेकॉर्डिंग). हेडफोनवर डाव्या पुडीचा घुमार भरपूर, गाडीत मात्र नुसती टिकटिक. ईक्यू (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करणारं साधन) फिरवला, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारं साधन) बदलला, डोकं उठलं. खोट बास फुगवणाऱ्या क्लोज्ड-बॅक (मागून बंद) हेडफोनची होती, म्हणून मिक्समध्ये बास कमीच ठेवला जायचा.

ओपन-बॅक (मागून उघडे) सेनहायझर एचडी ६०० हेडफोन घेतले. ते ३०० ओहमचे, म्हणजे जास्त विद्युतरोधाचे, लॅपटॉपच्या जॅकवर आवाज दबतो. म्हणून आधी ऑडिओ इंटरफेसला (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) जोडले. मग मास्टरवरचा (सगळ्या मिक्सवर एकत्र लागणारा) ईक्यू काढला. एक तयार अभंग वेगळ्या ट्रॅकवर घेऊन त्याची पातळी माझ्या मिक्सइतकी खाली आणली (मोठा आवाज कानाला उगाच गोड लागतो). दोन्ही आलटूनपालटून ऐकत पखवाजाचा ६० ते १२० हर्ट्झचा (खालच्या, जाड आवाजाचा) पट्टा जुळवला. गाडीत घुमार आला.

गायकांना रेकॉर्डिंगला मात्र जुनेच देतो. ओपन-बॅकचा आवाज माइकमध्ये शिरतो.