वृद्धाश्रमात मांजर नेताना

आजी-आजोबांच्या विरंगुळ्यासाठी मांजर भेटीला न्यायचं, तर आधी ते नीट निवडा. लाडकं असलं म्हणून प्रत्येक मांजर अनोळखी मांडीवर बसत नाही. पाहुण्यांच्या पायाशी आपणहून जाणारं, कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली न पळणारं मांजर निवडा. वय किमान एक वर्ष हवं, तुमच्याकडे येऊन सहा महिने तरी झालेले हवेत. पर्शियनचा हट्ट नको. खान्देशच्या उन्हाळ्यात त्याला कूलरसमोरून उठवणं हाच जुलूम. आखूड केसांचं गावठी मांजर बरं.

रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन संसर्गजन्य आजारांवरची) लसी वेळेवर, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. कच्चं मांस बंद, कारण त्यातले जंतू मांजरामार्फत म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचतात.

मांजर न्यायची टोपली दोन आठवडे घरात उघडी ठेवा आणि जेवण तिच्यातच द्या. मग रिक्षातून छोट्या फेऱ्या मारा. काठीची टकटक आणि व्हीलचेअरची चाकंही आधी घरीच ओळखीची करून द्या.

आदल्या दिवशी नखं कापा, फक्त पांढरं टोक; गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. निघण्याआधी दोन तास खाऊ घालू नका, रिक्षात उलटी होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा सकाळी आठपर्यंत पोचून नऊच्या आत घरी.

सगळ्यात दुर्लक्षित धोका फरशीचा. वृद्धाश्रमात ती सकाळीच फिनाईलने पुसून घेतात. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, आणि पंजाला लागलेलं ते चाटूनच साफ करतं. मग लाळ गळते, उलट्या होतात, चाल डगमगते. म्हणून वृद्धाश्रमाच्या कार्यालयात आदल्या दिवशीच सांगा: भेटीची खोली नुसत्या पाण्याने पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्याही त्याच्या आवाक्यात नकोत.

मांडीवर जाड टॉवेल घाला, उतारवयातली कातडी नखाने सहज फाटते. मांजर हातात देऊ नका, शेजारी ठेवा. हात मांजराच्या गालाला, हनुवटीला लावायला सांगा, पोटाला नाही. "हाई मांजर कोनी शे?" (हे मांजर कुणाचं आहे?) असं कुणी अहिराणीत विचारलं की गप्पा सुरू होतात. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी तेच दहादा विचारतील, दहादा तेच उत्तर द्या.

पहिली भेट पंधरा मिनिटांची. शेपूट आपटणं, कान मागे पाडणं, पाठीची कातडी थरथरणं दिसलं की लगेच टोपलीत. गुरगुरतंय म्हणजे खूश आहे असं धरू नका, घाबरलेलं मांजरही गुरगुरतं.

दमा, मांजराची ॲलर्जी, उघडी जखम किंवा केमोथेरपी चालू असेल, तिथे नेऊ नका. मांजर आडवं गेलेलं न चालणारे आजोबाही भेटतील. वाद कशाला? टोपली झाकून बाजूने न्या.

ओरखडा उठलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराला लस दिलेली असली तरीही.