१२ इंची वूफरसाठी पोर्टेड बॉक्स: डिकीत बसणारा, स्वतः बांधलेला

गाडीतला वूफर (बेसचा मोठा स्पीकर) भारीतला आणि खोकं मिळेल ते रेडिमेड, असा प्रकार पुण्यात जागोजागी दिसतो. मग माणूस तक्रार करतो की बेस नुसता घुमतो, ठोका कळतच नाही. माझा धंदा मॉड्युलर किचनचा, वर्कशॉप धायरीला. ओळखीतली पोरं बॉक्स बनवून मागतात तेव्हा मी आधी त्यांच्या हातात पेन्सिल देतो. कारण रेडिमेड खोकं वूफरच्या इंचांवर विकलं जातं आणि चांगला बॉक्स बांधला जातो लिटरवर.

पोर्टेड बॉक्स म्हणजे नुसतं भोक पाडलेलं खोकं नव्हे. त्या भोकामागची नळी किंवा फट म्हणजे पोर्ट. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठराविक सूर निघतो, कारण आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि मानेतली हवा वजनासारखी पुढेमागे होते. बॉक्सचं तेच. आतलं घनफळ, पोर्टचं क्षेत्रफळ आणि पोर्टची लांबी ठरली की ट्यूनिंग, म्हणजे बॉक्सचा स्वतःचा सूर, ठरलं. त्या फ्रिक्वेन्सीला कोन (वूफरचा हलणारा पडदा) जेमतेम हलतो, बहुतेक आवाज पोर्टच देतो. त्याच्याही खाली गेलात तर मात्र कोनला मागून हवेचा आधार उरत नाही आणि तो सुटल्यासारखा हलतो. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लाकूड आणायला निघण्याआधी दोन गोष्टी बघा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हा नाद सोडा, सीटखाली बसणारा, ॲम्प्लिफायर आतच असलेला ॲक्टिव्ह वूफर घ्या. आणि वूफरच्या माहितीपत्रकातल्या एफएसला (Fs, वूफरचा स्वतःचा सूर हर्ट्झमध्ये) क्यूईएसने (Qes, हाही तिथेच छापलेला आकडा) भागा. उत्तर ९० च्या आसपास किंवा वर आलं तर तो पोर्टेडचा गडी, ५० च्या खाली आलं तर त्याला सीलबंद खोकंच द्या. मधलं आलं तर दोन्ही चालतं. कंपनीने पोर्टेडसाठी लिटर आणि हर्ट्झ दिले असतील तर तेच घ्या, तिथे आपली हुशारी नको.

मी इथे ५० लिटर आणि ३५ हर्ट्झ धरतो. साधारण ३०० वॉट आरएमएसच्या (सतत पेलता येणारी ताकद) बऱ्याच १२ इंची वूफरना हे मानवतं. हे ५० लिटर निव्वळ हवेचे. पोर्टमधली हवा, पोर्टच्या पाट्या, वूफरचा मागचा भाग, आतले आधार हे सगळं वरून मोजायचं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

पोर्ट मी पाइपचा करत नाही, फटीचा करतो. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो, पण १२ इंचीला तो अरुंद पडतो आणि आवाज वाढवला की फुसफुसतो. फट ४ सेमी रुंद आणि ३४ सेमी उंच, म्हणजे १३६ चौरस सेमी. आता लांबी. क्षेत्रफळाला ३०,००० ने गुणा. मग ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर, याने भागा. ३५ चा वर्ग १२२५, गुणिले ५० म्हणजे ६१,२५०. उत्तर येतं ६६.६ सेमी. पोर्टच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, म्हणून क्षेत्रफळाच्या वर्गमुळाची ०.८३ पट वजा करा, म्हणजे साडेनऊ-पावणेदहा सेमी. राहिली ५७ सेमी. फट भिंतीला चिकटून जात असल्यामुळे प्रत्यक्षात ट्यूनिंग हर्ट्झ-दोन हर्ट्झ खाली उतरतं. ते कारमध्ये वाईट लागत नाही.

बॉक्सचं आतलं माप ४८ सेमी रुंद, ४० खोल, ३४ उंच. होतात ६५ लिटर. त्यातून पोर्टची हवा साडेसात, पाट्या तीन, वूफर तीन आणि आधार दीड लिटर वजा करा, ५० उरले. बाहेरून हा ५१.६ × ४३.६ × ३७.६ सेमी होतो. डिकीचं दार लावून, सीट मागे सरकवून जागा मोजा. दार उघडं ठेवून मोजलेली जागा नेहमीच जास्त भरते.

लाकडाचं म्हणाल तर १८ मिमीचा एचडीएचएमआर, म्हणजे ओल सोसणारा दाट फायबर बोर्ड. साधा एमडीएफ आवाजाला उत्तम, पण आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये डिकीत ओली छत्री ठेवली की कोपरे फुगतात. चांगला प्लाय हलका आणि टिकाऊ, पण थरात पोकळी नसलेला हवा आणि तो महाग. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पूर्ण शीट घ्या, अर्ध्या शीटमध्ये कापणी फार काटोकाट बसते. जिगसॉने घरी फाडत बसू नका, पॅनल सॉवर कापून घ्या. कारागीर इंच-सुतात बोलतो, तुम्ही कागद मिलिमीटरमध्येच द्या. ४ सेमीच्या फटीत एक सूत (साधारण ३ मिमी) इकडचं तिकडे झालं की ट्यूनिंग एक-सव्वा हर्ट्झने सरकतं.

कापायच्या पाट्या, मिमीमध्ये: वर-खाली ५१६ × ४३६ च्या दोन, बाजूच्या ४३६ × ३४० च्या दोन, मागची ४८० × ३४०, पुढची ४४० × ३४०, कारण उरलेली ४० मिमी हीच पोर्टची फट. पोर्टच्या दोन पाट्या ३६० × ३४० आणि १३५ × ३४०. पहिली डाव्या बाजूला समांतर, पुढच्या पाटीच्या आतल्या अंगापासून मागे जाते. दुसरी तिच्या मागच्या टोकापासून उजवीकडे वळते. तिच्यामागेही ४० मिमीच मोकळं राहतं, म्हणजे वरून बघितलं तर इंग्रजी एल दिसतो.

जोडताना फट सगळीकडे सारखी राहणं हेच खरं काम, नुसत्या पेन्सिलच्या रेघेवर ते जमत नाही. उरलेल्या शीटमधून बरोबर ४० मिमी रुंदीचे तीन-चार ठोकळे कापा आणि त्यांना चारी बाजूंनी पॅकिंग टेप गुंडाळा, म्हणजे फेव्हिकॉल धरणार नाही. ठोकळे बाजूच्या आणि पोर्टच्या पाटीमध्ये उभे ठेवून क्लँप आवळा, गुण्या लावून बघा, खालून स्क्रू मारा. गोंद धरला की ठोकळा हलक्या टोल्याने बाहेर येतो आणि मागे फट राहते ती टोकापासून टोकापर्यंत एकसारखी.

प्रत्येक स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक हवंच. या शीटच्या कडेत थेट स्क्रू घातला तर ती उभी चिरते. दर १२-१५ सेमीला एक, ५० मिमी लांबीचा. वूफरचं भोक त्याच्या कागदावरच्या मापाने, खिळा आणि दोरीने वर्तुळ आखून. इथे जिगसॉ चालते. टर्मिनल (वायर जोडायची जागा) उजव्या बाजूला, पोर्टच्या वाटेत नको. फटीच्या दोन्ही तोंडांच्या कडा राउटरने गोल करा, नसेल तर पॉलिश पेपरने. वरची पाटी लावण्याआधी आतल्या सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन ओढा. त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका. त्या वाफेने कोनच्या कडेचा गोंद खराब होऊ शकतो.

कार्पेट नाना पेठेत ॲक्सेसरीजवाल्यांकडे मिळेल, वायर आणि टर्मिनल तपकीर गल्लीत. वायरिंगवर फार बोलत नाही, एवढंच की फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. बॉक्स डिकीत नुसता ठेवू नका. वूफर धरून वजन वीस किलोच्या वर जातं आणि जोरात ब्रेक मारला की ते तुमच्याच पाठीवर येतं. पट्ट्याने बांधा. स्क्रू मारायचाच असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा, मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते.

आता तपासणी. फोनवर टोन जनरेटर ॲप टाका आणि आवाज कमी ठेवून ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. कोनवर खडूचा एक ठिपका द्या. आधी तो पुसट रेघेसारखा दिसेल, मग रेघ आखूड होत जाईल आणि एका आकड्याला पुन्हा ठिपका होईल. त्याच वेळी पोर्टपुढे धरलेल्या हातावर हवा सगळ्यात जोरात लागेल. तो आकडा तुमचं खरं ट्यूनिंग. सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे हवा फुटते आहे, तिथे सिलिकॉन भरा.

त्या आकड्याच्या पाचेक हर्ट्झ खाली ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) सबसॉनिक फिल्टर लावा, तो त्याखालचे सूर कापतो, म्हणजे ३४ आलं तर २९-३० ला. लो-पास, म्हणजे वरचे सूर कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झच्या आसपास. ॲम्पवर सबसॉनिक नसेल तर पोर्टेड बॉक्सला तो ॲम्प घेऊ नका, ट्यूनिंगखाली कोन सुटल्यासारखा हलून वूफर आज ना उद्या फाटेल. बेस बूस्टचं बटण शून्यावर ठेवा. एवढं करूनही मागून खडखड आली तर बॉक्स उघडण्याआधी नंबर प्लेटमागे फोम टेपचे चार तुकडे लावून बघा, बहुतेक वेळा तीच वाजत असते.