समेट फिसकटला, आता घटस्फोटाचा दावा पुन्हा कसा चालवायचा?

समुपदेशनात किंवा लोकअदालतीत समेट झाला, दोघे पुन्हा नांदायला लागले आणि काही महिन्यांत पुन्हा बिनसले, की बहुतेक जण जुन्या याचिकेची झेरॉक्स घेऊन वकिलाकडे जातात: "हीच पुन्हा लावा." तसे चालत नाही. मधे एकत्र काढलेले दिवस कायदा मोजतो. त्यांच्यामुळे काही कारणे कच्ची पडतात, काही मुदती नव्याने सुरू होतात आणि कधी दावा लावायचे शहरही बदलते. ही माहिती हिंदू विवाह कायदा, १९५५ खालच्या लग्नांपुरती आहे; उदाहरणे नागपूरची आहेत.

पहिले काम: जुन्या दाव्याचे नेमके काय झाले?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून शेवटची नोंद पाहा. मग शेवटचा रोजनामा (त्या तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि अंतिम आदेश यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. "वकील म्हणाले होते केस बंद झाली" एवढ्यावर विसंबू नका. बंद कशी झाली, त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

दावा अजून प्रलंबित असेल तर समेट फिसकटल्याची पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) द्या आणि मधल्या घटना याचिकेत घालण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करा. साक्षीपुरावा सुरू होण्याआधी केलेला अर्ज सहज मंजूर होतो. नंतर उशिराचे कारण द्यावे लागते.

दावा मागे घेतला असेल तर आदेशातले शब्द वाचा. नव्याने दावा करण्याची मुभा ठेवली असेल तर प्रश्न नाही. मुभा नसेल तर केवळ जुन्याच घटनांवर दुसरा दावा टिकणे कठीण; समेटानंतर जे घडले तेच नव्या दाव्याचा पाया हवे.

गैरहजेरीत निकाली निघाला असेल तर घाई करा. घरी गोडीगुलाबीने नांदणाऱ्या जोडप्याला कोर्टाची तारीख कुठून आठवणार! दोघेही गैरहजर होते, तर नवा दावा लावता येतो किंवा जुना पुनर्स्थापित (पुन्हा सुरू) करून मागता येतो. पण गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) हजर होता आणि फक्त अर्जदार नव्हता, तर त्याच कारणावर नवा दावा चालत नाही. जुनाच उघडून घ्यावा लागतो. पुनर्स्थापनेची मुदत निकालापासून ३० दिवस. ती उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा.

लोकअदालतीतला तडजोडीचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच (अंतिम निर्णयासारखाच) असतो आणि त्यावर अपील नाही. त्यात "पुन्हा न पटल्यास" असे एखादे कलम आहे का, ते शोधा.

तारखांचा तक्ता

एका कागदावर चार गोष्टी लिहा: पहिल्यांदा वेगळे कधी झालात, पुन्हा एकत्र कधी आलात, कुठे राहिलात आणि शेवटचे वेगळे कधी झालात.

परित्याग (जोडीदाराने सोडून जाणे) हे कारण असेल तर याचिका दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षे लागतात. समजा, २०२१ मध्ये वेगळे झालात, जानेवारी २०२४ मध्ये एकत्र आलात आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा फाटले. मग मोजणी ऑक्टोबर २०२४ पासून, म्हणजे परित्यागाची याचिका ऑक्टोबर २०२६ आधी नाही. समेटाआधीची वर्षे यात जोडता येत नाहीत. घाईने आधीच लावलेल्या याचिका नेमक्या इथेच पडतात.

क्रूरतेसाठी अशी मुदत नाही, पण तिथे क्षमेचा मुद्दा येतो. कलम २३ नुसार ज्या वागणुकीला माफ करून पुन्हा संसार मांडला, केवळ तिच्या आधारावर घटस्फोट मिळत नाही. मात्र ही माफी सशर्त असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या दास्ताने खटल्यात स्पष्ट केले की नंतर पुन्हा त्रास दिला तर माफ केलेली क्रूरता जिवंत होते. नवा त्रास स्वतंत्रपणे घटस्फोटाइतका गंभीर नसला तरी. म्हणून याचिकेत समेट लपवू नका. समेट कोणत्या अटींवर झाला आणि कोणत्या तारखेला काय घडून तो मोडला, हे आधी लिहा. जुन्या घटना त्याच्या मागे येऊ द्या.

दावा कुठल्या शहरात लावायचा?

लग्न जिथे लागले, गैरअर्जदार जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, तिथले न्यायालय. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. आता मधली मेख: पहिला संसार नागपुरात मनीषनगरला, समेटानंतरचे आठ महिने पुण्यात. शेवटचे एकत्र राहणे पुण्याचे झाले. लग्न नागपुरात लागले नसेल आणि पत्नी पुण्यातच असेल, तर पतीला नागपुरात दावा लावता येणार नाही. पत्नी माहेरी नागपुरात आली असेल तर मात्र तिला तिथले कौटुंबिक न्यायालय खुले आहे.

कागद आणि पुरावे

वेगळे झाल्याची तारीख सिद्ध करणारे काहीतरी हवेच: नवा भाडेकरार, मुलाचा शाळा बदलल्याचा दाखला, पोलिसांकडची अदखलपात्र नोंद, भरोसा सेलमधल्या (पोलिसांच्या कौटुंबिक तक्रारींच्या कक्षातल्या) अर्जाची पोच. व्हॉट्सॲपचे नुसते प्रिंटआउट पुरेसे धरू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र सोबत जोडा आणि मूळ फोन विकू नका.

न्यायालय पुन्हा समुपदेशकाकडे पाठवेल. "एकदा झाले ना" म्हणून तारीख चुकवू नका; समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. मागच्या समेटाचे कागद सोबत न्या.

पोटगी

समेटाआधी पोटगीचा आदेश झाला असेल तर एकत्र राहिल्याने तो आपोआप रद्द होत नाही; रद्द किंवा बदल करून घ्यायला अर्ज लागतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) खालच्या आदेशाच्या थकबाकी वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. नव्या अंतरिम पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. जुने देऊ नका. मधे पगार, कर्ज, घर बदललेले असते आणि समोरचा वकील नेमके तेच पकडतो.

दोघे तयार असतील तर

सहमतीच्या याचिकेला (कलम १३-ब) आधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. तेही शेवटच्या फाटाफुटीपासून मोजा. वरच्या उदाहरणात ऑक्टोबर २०२५. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. ते माफ होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितले. पण मुलांचा ताबा, पोटगी, स्त्रीधन यांबाबत आधीच तडजोड झालेली असावी. जुनी सहमतीची याचिका पडून असेल तर ती दाखल झाल्यापासूनची अठरा महिन्यांची मर्यादा तपासा. संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकावी लागते. एकाने मागे घेतली की संपले.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेला फारकतनामा म्हणजे घटस्फोट नव्हे. तो खिशात ठेवून दुसरे लग्न केले तर ते लग्नच बेकायदा ठरते. समाजात रूढीने फारकत चालत असेल तर ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.